दुसरी चिप पेटीतच राहिली, मामा

हे वाचणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारते. रस्त्यात कुणीतरी हातात कोंबलेलं पत्रक वाचून तुम्ही कधी एखाद्या माणसाला मनातल्या मनात दोषी ठरवलं आहे का? आणि ठरवल्यावर त्या माणसाच्या दारात जाऊन, ‘हे खरं आहे का हो?’ असं एकदा तरी विचारलं आहे का?

गेल्या दसऱ्यानंतर नगरला कॉलेजच्या फाटकावर आणि माळीवाडा स्टँडवर ‘प्रयोगशाळेतलं कुंकू’ नावाचं एक गुलाबी पत्रक वाटलं गेलं. ते वाचणाऱ्यांपैकी कुणीही सानपमामांच्या दारात गेलं नाही. लिहिणारीसुद्धा गेली नाही. लिहिणारी मी.

मामा वारले. गेल्या आठवड्यात त्यांचा दहावा झाला. यापुढचं मी त्यांच्याशी बोलणार आहे. तुम्ही बाजूला बसून ऐका.

मामा, कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही पोरं मामाच म्हणतो. तुमचं नाव भानुदास आहे हे मला दहाव्याच्या दिवशी तुमच्या घरी कळलं. चार वर्षं तुमच्या प्रयोगशाळेत वावरले, तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि नाव विचारायचं राहिलं. पत्रकात मी तुम्हाला ‘सानप नावाचे एक कर्मचारी’ असं लिहिलं होतं. माणसाच्या प्रतिष्ठेवर पानंच्या पानं लिहिणारी मी!

ते दोन बोर्ड आले तो दिवस तुम्हाला आठवत असणार. लाकडी खोकं होतं. विभागप्रमुख सर म्हणाले, हातोडी आणा, आणि तुम्ही म्हणालात, “थांबा सर, खोकं बी चांगलं हाय, कामाला यील.” एकेक खिळा पकडीने उपसून तुम्ही झाकण काढलंत. आत वहीएवढे दोन हिरवे बोर्ड, मधोमध एक काळी चौकोनी चिप. सरांनी आम्हाला सांगितलं की याला एफपीजीए म्हणतात, हिच्या आत हवं ते सर्किट आपल्याला घडवता येतं. माझ्या प्रकल्पातल्या दोघांना ते कळलं नाही. तुम्ही पुढच्या आठवडाभरात आमचं बोलणं ऐकून त्यांना समजावलंत: “ह्यो मातीचा गोळा हाय बघा. कंप्युटर सांगंल तसं भांडं व्हतंय. माठ म्हन, माठ. रांजन म्हन, रांजन. पर लाईट गेली की परत गोळा. समदं इसरतंय.” म्हणून बोर्डाच्या कडेला आणखी एक लहान चिप असते, तिच्यात आराखडा भरून ठेवायचा. वीज आली की मोठी चिप लहानीकडून पाठ विचारून घेते. पुस्तकात याला दोन पानं लागली होती.

आमचा प्रकल्प एवढाच होता: एक बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, दुसरा मैदानापलीकडच्या संगणक विभागात, मध्ये केसाएवढ्या काचेची तार. सेकंदाला दहा कोटी बिट. आजवर आपल्याकडे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत काही पाठवायचं तर फ्लॉपी घेऊन तुम्ही मैदान ओलांडायचात. “मीच हाय की तुमची तार,” असं म्हणायचात, “आन् येताना च्या बी आनतो. तुमची काचंची तार आनंल का च्या?”

ती तार जमिनीखालच्या पाइपातून ओढण्याचं काम तुम्हीच केलंत. एका कोपऱ्यावर मी ती काटकोनात दाबायला गेले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. “आगं आगं, मोडंल!” मग सांगितलंत, उसाची मोळी वाढ्याने बांधतात, म्हणजे उसाच्याच हिरव्या शेंड्याने. “वाढं पिळलं तर दोरी व्हतंय, मोडलं तर कचरा. हिला बी असंच गोल फिरव. परातीएवढं.” तुमचे आईवडील टोळीबरोबर दरवर्षी राहात्याच्या बाजूला ऊस तोडायला जायचे आणि तुमची चौथी, पाचवी, सहावी तिथल्या फडातच गेली, हे मला त्या कोपऱ्यावर कळलं. शाळेत नाव पाथर्डीकडच्या गावात आणि मुलगा उसात. मी लगेच पेटले. म्हटलं, मामा, यावर पत्रक काढायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, “काढा. पर आदी ही तार वडा.”

घटस्थापनेच्या सकाळी दोन्ही टोकांचे हिरवे दिवे लागले. तो दिवा कसा लागतो ते वाचणाऱ्यांना सांगते: समोरच्या बोर्डाचं बोलणं या बोर्डाला नीट कळलं तरच लागतो, नाहीतर नाही. तुम्ही मैदानातून पळत आलात, त्या वयात, हातात चहाची किटली. “लागला! तिकडं बी लागला!” आणि मग मला चिडवायला मुद्दाम: “आज घरोघर घट बसलं, आपला बी बसला. आता नऊ दिस दिवा इझू द्यायचा न्हाई.” मी म्हटलं, “मामा, हा नंदादीप नाही. चूक किती बिटांमागे एक येते ते मोजायचं म्हणून चालू ठेवायचाय.” “तेच म्हनतो मी,” तुम्ही म्हणालात, “कारन तुमचं, दिवा आमचा.”

आणि तुम्ही खरंच विझू दिला नाही. वीज जायची तेव्हा यूपीएसजवळ स्टूल टाकून बसायचात. बॅटरी किती उरली ते बघून पंखे, दिवे, शेजारचे संगणक बंद करायचात, फक्त आमचे बोर्ड चालू.

आपलं भांडण त्याच नऊ दिवसांतलं. अजून अर्धंच आहे ते.

खंडेनवमीला प्रत्येक प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते, ती मला कधीच पटली नाही, आजही पटत नाही, हे तुमच्या मरणानंतरसुद्धा मी गुळगुळीत करून सांगणार नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला आणि घरातले देवांचे टाक विहिरीत सोडले. मी तुम्हाला म्हटलं, “मामा, ज्या कोयत्याने तुमच्या आईच्या तळहाताला घट्टे पडले, त्याला तुम्ही हळद लावता? त्याने तुम्हाला काय दिलं?”

तुम्ही कापसाच्या बोळ्याने मीटर पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, “ताई, पूजा म्हना न्हाईतर काय बी म्हना. खंडेनवमीला कोयता हातात घ्यायचा न्हाई. धुवायचा, ठिवायचा. तुला आज सुट्टी, आसं म्हनायचं. दसरा झाला की टोळी निघायची, मंग पाच-सहा म्हैने ना त्याला सुट्टी ना आमाला. त्येला एक दिस मिळायचा म्हनून आमच्या आईला बी एक दिस मिळायचा. पूजा बंद केली तर मुकादम म्हनंल, चला, त्यो दिस बी फडात.”

मी म्हटलं, सुट्टी हक्काने मागायची, हळद लावून नाही.

“मागा की तुमी. आमी कुटं न्हाई म्हनतोय?” आणि मग तो टोमणा: “आन् तुमचे बाबा छापखान्यात पैला कागद निघाला की कपाळाला लावत्यात. मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय, प्रश्नपत्रिका छापायला आल्तो तवा. त्ये काय हाय? कागदाला ताप आलाय का बघत्यात व्हय?”

मी रागाने निघून गेले. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून अजून बाकी आहे, मामा. बाबांना विचारलं तर ते नुसते हसले.

आता तो दिवस. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मी आराखडा बदलला. बिट पाठवण्याचा क्रम बदलला की चुका कमी होतात असं मला आढळलं होतं. नवा आराखडा संगणकाच्या केबलने थेट दोन्ही बोर्डांत चढवला, दिवे लागले, चुका खरंच कमी झाल्या. राहिलं एवढंच की तो दोन्ही लहान चिपांमध्ये कायमचा भरायचा. त्यासाठी जुनी चिप जांभळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून आधी कोरी करावी लागते. प्रत्येक बोर्डाची चिप वेगळी, आणि बोर्डांत बसवलेल्या सोडून सुट्या चिपाही दोनच. पहिली मी कोरी केली, भरली. तुम्ही तिच्या काचेवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीत, ‘आराखडा ४’, आणि ती आपल्या बोर्डात बसवलीत. दुसरी पेटीत टाकली आणि घड्याळ बघितलं.

छापखान्यात बाबा माझी वाट बघत होते. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. बाबा त्याच संध्याकाळी नागपूरला निघणार होते आणि बरोबर न्यायच्या पत्रकांच्या घड्या व्हायच्या होत्या. मी पिशवी उचलली. तुम्ही दारात विचारलंत, “ताई, उद्या समदं बंद करनार हाय, यूपीएस बी. चिपा भरल्या ना?”

“भरल्या, मामा.”

मी खोटं बोलले नाही. माझ्या डोक्यात खरंच भरल्या होत्या. सायकलवर बसेपर्यंत मी पत्रकातल्या दुसऱ्या परिच्छेदात पोचले होते. तुमच्या दिवसासाठी तुम्ही बोर्ड बंद करणार होतात आणि माझ्या दिवसासाठी मी चिप पेटीत टाकून चालले होते. यात तुमची अंधश्रद्धा आणि माझा विचार, असा फरक मी केला. तो मी कुठल्या मापाने केला, हे मला आज सांगता येत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा प्रकल्प बघायला समिती आली. तुम्ही बोर्ड चालू केले. दिवा लागला नाही.

या टोकाची तार अजून जोडायची होती, म्हणून मी तारेच्या खोबणीकडे वाकले. खोबणीवर काळं टोपण बसवलेलं होतं आणि त्या टोपणाला कुंकू. टोपण काढलं, बोटं लाल झाली. त्याच बोटांनी मी खोबणी चाचपली आणि मग मला खोबणीच्या कडेला लाल दिसलं. धुळीचा कण जरी गेला तरी ही काचेची वाट बंद होते हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं. स्पिरिटने पुसलं, तार जोडली. दिवा नाही. परत पुसलं. समितीतले एक जण घड्याळाकडे बघत होते.

तुम्ही माझ्या मागे उभे होतात. हळूच म्हणालात, “ताई, येक सांगू का?”

मी मान न वळवता म्हटलं, “मामा, तुम्ही आता काही सांगू नका. पुष्कळ झालं.”

एवढं बोलले मी. चार माणसांसमोर. जिथे मी रोज तुम्हाला विचारून स्क्रू पिळत होते तिथे.

समिती गेली. सरांनी तुम्हाला खोलीत बोलावलं, मीही होते. “सानप, ही प्रयोगशाळा आहे की देव्हारा?” “प्रयोगशाळा हाय सर.” “कुंकू कुणी लावलं?” “मीच लावलं सर.” तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, क्षमा मागताय. सरांनी दोन्ही बोर्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या पूजेचा नारळ सरांनीच फोडला होता, हे मला सहा महिन्यांनी कळलं. मी त्या दिवशी कॉलेजात नव्हते, आणि तुम्ही ते त्या खोलीत उच्चारलं नाहीत. पूजा अख्ख्या कॉलेजात झाली होती, लेथला झाली, बॉयलरला झाली, प्राचार्यांच्या गाडीला झेंडूचा हार होता. दोष मात्र ऊसतोड्याच्या मुलाचा. वर चढलेल्या माणसाचं कुंकू सौभाग्याचं आणि खालच्याचं कुंकू अडाणीपणाचं, हा या व्यवस्थेचा जुना हिशोब आहे. मी तो ओळखायला हवा होता. माझ्या घरात तो ओळखायलाच शिकवतात.

मी काय केलं? घरी जाऊन लिहायला बसले.

मामा, आमच्या छापखान्याचा एक नियम आहे. मी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून उलटी अक्षरं शिकले तेव्हापासूनचा. ज्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं, त्याला ते छापायच्या आधी तोंडावर वाचून दाखवायचं. मग तो पाटील असो की फौजदार. बाबा पाणवठ्यापायी एका सरपंचाला असं वाचून दाखवायला गेले होते. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग चप्पल फेकली. बाबा घरी येऊन म्हणाले, “ऐकून तर घेतलं.” हा नियम फौजदारासाठी पाळला, सरपंचासाठी पाळला. तुमच्यासाठी पाळला नाही. बाबा नागपूरहून आले नव्हते. मी स्वतः जुळणी केली, स्वतः छपाईचं ट्रेडल यंत्र चालवलं. वाचून दाखवायला मैदानाएवढं अंतर चालायचं होतं फक्त.

बाबा परतले तेव्हा पत्रकं वाटून झाली होती. त्यांनी एक हातात घेतलं, वाचलं, विचारलं, “सानपांना ऐकवलंस?” मी म्हटलं, “त्यांनी सरांपुढे कबूल केलंय.” ते पत्रक त्यांनी कपाळाला लावलं नाही, एवढं मी बघितलं.

सरांना असा कागद हवाच होता. त्यांनी तो तुमच्या फायलीला जोडला. तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडला: ‘निष्काळजीपणामुळे मौल्यवान उपकरण निकामी केले.’ तुमची बदली मुलांच्या वसतिगृहावर, पाण्याच्या पंपावर झाली. वीस वर्षं मीटर सांभाळणारा माणूस टाकी भरली की नाही ते बघायला बसला.

एप्रिलमध्ये प्रकल्प सादर करायचा म्हणून कपाट उघडलं. काय बिघडलं ते अहवालात लिहायला हवं होतं, म्हणून मी एकेक भाग सुटा करत होते. पलीकडच्या विभागातला बोर्ड हातात घेतला. त्याच्या लहान चिपेवर तुमची चिठ्ठी होती. ‘आराखडा ३’.

तीन.

मग तुमची वही काढली, ज्यात तुम्ही प्रत्येक चिपेची नोंद करायचात. खंडेनवमीच्या तारखेला शेवटची ओळ होती: ‘रजनीताईंची दुसरी चिप पेटीतच. सांगणे.’ आणि ड्रॉवरमध्ये तुमची दोन काळी टोपणं. एकाला बाहेरून कुंकू, आतून स्वच्छ. बोर्डाला हळदकुंकू लावण्याआधी तुम्ही तार काढून खोबणीला टोपण घातलं होतं. कुंकू तुम्ही टोपणालाच लावलंत. धूळ आत जाऊ नये हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं, माझ्याहून जास्त.

म्हणजे काय झालं होतं ते वाचणाऱ्यांना सरळ सांगते. वीज बंद झाल्यावर दोन्ही बोर्ड सगळं विसरले. वीज आल्यावर एकाने नवा पाठ म्हटला, दुसऱ्याने जुना. एकमेकांचं बोलणं कळेना. म्हणून दिवा लागला नाही. कुंकवाचा काही संबंध नव्हता. चिप भरायची राहिली होती, आणि ती माझी होती.

मी दुसरी चिप कोरी केली, भरली, बसवली. दोन्ही दिवे एका क्षणात लागले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मैदानातून किटली घेऊन पळत येणारं कुणी नव्हतं.

आणि तेव्हाही मी तुमच्याकडे आले नाही. हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आधी परीक्षा होती. मग तोंडी परीक्षा. मग निकाल. पत्रक काढायला मला एक दुपार पुरली, ते खोटं होतं हे सांगायला महिनाभर मुहूर्त सापडेना. मुहूर्त न मानणारी मी.

मे महिन्यात एकदाची आले. वसतिगृह रिकामं होतं. पंपाच्या खोलीबाहेर, लिंबाखाली तुम्ही बसला होतात, समोर पंपाचा सुटा केलेला व्हॉल्व्ह. “या ताई,” तुम्ही म्हणालात, जसं काही काल संध्याकाळीच गेले होते. स्टूल पुढे सरकवलंत. स्वतः जमिनीवर.

मी वाटेत वाक्य पाठ करत आले होते. पण तुम्ही पंपाचं सांगायला लागलात. “ह्याचं वायसर झिजलंय. स्टोअरवाला म्हनतो, मागनी द्या. मागनी दिली तर म्हनतो, सायबाची सही आना. सायेब म्हनतो, पंप चालू हाय ना, मंग कशाला? आता बंद पाडल्याबिगर त्येला वायसर मिळत न्हाई. यंत्र बी आंदोलन केल्याशिवाय ऐकत न्हाईत, तुमचंच खरं हाय.” मी हसले. हसल्यावर ते वाक्य आणखी खाली गेलं.

थोड्या वेळाने तुम्ही व्हॉल्व्ह पुसता पुसता विचारलंत, “दिवा लागला का?”

“लागला, मामा.”

“दोनी?”

“दोन्ही.”

“मंग झालं,” तुम्ही म्हणालात.

मी पाणी प्यायले आणि उठले. ते आपलं शेवटचं बोलणं. ‘दोनी?’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही मला दार उघडून दिलं होतं. एक पाऊल टाकायचं होतं. मी आभार मानून फाटकाकडे गेले, आणि तुम्ही मागून ओरडलात, “नोकरी लागली की पेढं आना!” 

तुम्ही सरांच्या खोलीत का बोलला नाहीत? वही तुमच्याकडे होती. चिठ्ठी तुमच्या अक्षरातली होती. माझं वर्ष जाईल असं वाटलं? की आपलं कोण ऐकणार, असं? की मी ‘काही सांगू नका’ म्हटलं म्हणून तुम्ही खरंच सांगितलं नाहीत? पहिलं असेल तर मला ते उपकार पेलत नाहीत. दुसरं असेल तर माझ्यासारखीच्या लिहिण्याचा काय उपयोग? आणि तिसरं असेल तर… मामा, तुम्ही माझ्याशी भांडायला हवं होतंत. पूजेवरून भांडलात तसं. मला टोमणा मारायचा होतात. माझी आणि तुमची मैत्री भांडणाचीच होती, आणि जिथे भांडायचं तिथेच तुम्ही मोठेपणा केलात. मला तुमचा राग येतो. आजही येतो. मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात, पण तुम्ही माझ्या रागाला कधी घाबरला नाहीत.

छातीत कळ आली आणि पाथर्डीला नेताना वाटेतच संपलं, असं मला वसतिगृहाच्या वॉचमनने सांगितलं. दहाव्याला मी तुमच्या वस्तीवर गेले. बाबाही आले. ते पुरुषांत बसले, मी आत बायकांत. तुमच्या थोरल्या मुलीने, संगीताने मला ओळखलं. ती बारावी झाली आहे, टायपिंगची परीक्षा दिली आहे, तुमच्यासारखं मान खाली घालून बोलते.

“तुमीच ना रजनीताई? पत्रकवाल्या?”

मी हो म्हटलं.

तिने ट्रंकेतून ते गुलाबी पत्रक काढलं. घडी जिथे पडते तिथे विरलं होतं. “आन्ना वाचायचे कदीमदी. म्हनायचे, पोरीची भाषा लई ताकदीची हाय. बग कसं लिवलंय.” आणि मग तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “खरं व्हतं का ह्ये?”

मामा, एवढ्या लोकांनी ते पत्रक वाचलं, पण हा प्रश्न विचारणारी तुमची मुलगी पहिली. मी तिला सगळं सांगितलं. चिपेपासून लिंबाखालच्या स्टुलापर्यंत. तुमच्या पत्नी चुलीजवळ बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “त्येंनी सांगितलं न्हाई कदी.” संगीताने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, “मला रडगानं नगा सांगू. शेरा काडता येतो का ते सांगा.”

कारण तिने अनुकंपा तत्त्वावर तुमच्या जागी नोकरीचा अर्ज केला आहे आणि कार्यालयातून तिला सांगितलं गेलं आहे, वडिलांच्या सेवापुस्तकात शेरा आहे, बघू. त्या ‘बघू’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. घरात धाकटे दोघं आहेत. दसरा झाला की टोळ्या निघतील. मुकादम दारात येऊन विचारून गेला आहे. तुम्ही ज्या फडातून वाचत, शिकत, धडपडत बाहेर पडलात, त्या फडात तुमच्या मुलीला माझं एक पत्रक परत घेऊन चाललं आहे.

मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेले. चिप, चिठ्ठी, वही, टोपण, सगळं टेबलावर ठेवलं. माझा लेखी कबुलीजबाब दिला, हवी तर पदवी रोखा म्हटलं. ते म्हणाले, “बाई, झालं ते झालं. पत्रकाने गावभर बोभाटा झाला होता, त्यावरून कारवाई झाली. आता एका मुलीच्या सांगण्यावरून रेकॉर्ड कसं बदलू?” एका मुलीच्या लिहिण्यावरून मात्र बदललं होतं. मी हे त्यांना म्हटलं. त्यांनी शिपायासाठी घंटा वाजवली.

हा लेख छापायच्या आधी मी तुमच्या घरी जाऊन संगीताला आणि तिच्या आईला वाचून दाखवला. सरांनाही वाचून दाखवायला गेले. ते अर्ध्यात उठून गेले, पण नियम मी पाळला. तुम्हाला मात्र वाचून दाखवता आला नाही. तुम्ही असता तर नंदादीपाच्या जागी थांबवून म्हणाला असतात, “बगा, आलं का न्हाई माझंच लेखात?” आणि पूजेवर आपण पुन्हा भांडलो असतो. मी हरले नसते मामा. पण या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं.

आता पुन्हा वाचणाऱ्यांकडे वळते.

ज्यांनी ते गुलाबी पत्रक वाचलं, ज्यांनी ते पुढे दुसऱ्याला दिलं, ज्यांनी चहाच्या टपरीवर त्यावर मान डोलावली, आणि ज्यांनी ते कधी पाहिलंच नाही पण हे इथपर्यंत वाचलं, त्यांना मागणं एकच आहे. आजच एक पोस्टकार्ड घ्या. कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे लिहा: ‘भानुदास सानप यांच्या सेवापुस्तकातील शेरा रद्द करा. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या मुलीच्या अर्जाचा निर्णय दसऱ्याच्या आत द्या.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव लिहा, कारण बिननावी पत्रांना ते उत्तर देत नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवून लिहू नका, तो मी एकदा वाया घालवला आहे. चिप, वही आणि टोपण आमच्या छापखान्यात टेबलावर ठेवलेली आहेत. या, हातात घेऊन बघा, मला काय विचारायचं ते विचारा. पटलं तर तिथेच बसून कार्ड लिहा आणि जाताना स्वतःच्या हाताने पेटीत टाका.